सामुराई आणि सोयाबीन

मागच्या सत्रातली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, सबमिशन दुसऱ्या दिवशी होतं आणि मी पलंगावर लोळत एक जाडजूड पुस्तक वाचत होते. रूममेटने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "अगं, झोप चढलीय का तुला? पुस्तक मागून का वाचतेस?"

मित्रमैत्रिणींनो, हे पुस्तक मागूनच वाचायचं असतं! जपानी चित्रकथेला मांगा म्हणतात. मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात. आपल्या पुस्तकाचं जे शेवटचं पान, ते त्याचं पहिलं. पानावरच्या चौकटीही उजवीकडून डावीकडे जायच्या. पहिले दोन दिवस डोळ्यांना त्रास होतो, मग इतकी सवय होते की वर्तमानपत्रही उजवीकडून वाचावंसं वाटतं.

मी बालवाडीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकले. घरात मराठी आणि वहीत इंग्रजी, असा कारभार. म्हणून मराठी विभागासाठी लिहायचं ठरलं तेव्हा आधी सरांकडे गेले. म्हटलं, "सर, विषय जपानी आहे, चालेल का?" सर म्हणाले, "वाचलं कुणी? लातूरच्या मुलीने ना? मग लिही." शुद्धलेखन त्यांनीच तपासलं आहे. उरलेल्या चुका माझ्या.

तर विषय असा की एकाच मालिकेतला माझा रस गेल्या पाच वर्षांत तीनदा बदलला. पुस्तक तेच, चित्रं तीच. मग बदललं काय?

व्हॅगाबाँड म्हणजे काय?

मालिकेचं नाव 'व्हॅगाबाँड', म्हणजे भटक्या. चित्रकार-लेखक ताकेहिको इनोउए. आधी त्याने बास्केटबॉलवर 'स्लॅम डंक' ही मालिका १९९० ते १९९६ या काळात काढली आणि ती जपानमध्ये तुफान चालली. त्यानंतर १९९८ मध्ये 'मॉर्निंग' नावाच्या साप्ताहिकात 'व्हॅगाबाँड' सुरू झाली. जपानमध्ये पद्धत अशी की आधी साप्ताहिकात एकेक प्रकरण छापून येतं, लोक आठवडाभर वाट बघतात, आणि पुरेशी प्रकरणं झाली की त्यांचा खंड निघतो. 'व्हॅगाबाँड'चे असे ३७ खंड आणि ३२७ प्रकरणं झाली. आठ कोटींहून जास्त प्रती छापल्या गेल्या. २००२ मध्ये तिला तेझुका ओसामू पुरस्कार मिळाला. मांगाच्या जगात हा फार मोठा मान आहे.

गोष्ट आहे मियामोतो मुसाशीची. हा माणूस खरोखर होऊन गेला. जन्म १५८४ च्या सुमारास, मृत्यू १६४५. म्हणजे आपल्या शिवरायांनी स्वराज्याची सुरुवात केली, त्याच सुमारास तिकडे हा म्हातारा होऊन गेला. त्याच्यावर एइजी योशिकावा या लेखकाने १९३५ ते १९३९ या काळात एका जपानी दैनिकात रोज थोडी थोडी कादंबरी लिहिली. इनोउएने त्याच कादंबरीचा आधार घेतला, पण पुढे स्वतःची वाट धरली.

सुरुवात होते १६०० सालच्या सेकिगाहाराच्या लढाईनंतर. हरलेल्या बाजूची दोन सतरा वर्षांची पोरं प्रेतांच्या ढिगात पडलेली असतात. एकाचं नाव ताकेझो, दुसरा त्याचा मित्र माताहाची. दोघंही नाव कमवायला घर सोडून आलेले. हा ताकेझोच पुढे मुसाशी होतो. गावचे लोक त्याला राक्षस समजतात. तकुआन नावाचा एक भिक्षू त्याला पकडून झाडाला टांगतो, भरपूर सुनावतो, शेवटी सोडतो आणि नवीन नाव देतो. तिथून मुसाशीचं एकच ध्येय : या सूर्याखाली आपल्याला हरवणारा कोणी उरता कामा नये.

आपल्याकडे 'चांदोबा' होता, तसंच हे थोडं. मराठी 'चांदोबा' १९५२ मध्ये सुरू झाला. बाबांच्या लहानपणीच्या अंकांचा एक गठ्ठा आमच्या माळ्यावर अजून आहे. त्यात विक्रम राजा हातात तलवार आणि खांद्यावर प्रेत घेऊन चाललाय, हे शंकर यांनी काढलेलं चित्र दर महिन्याला असायचं. बाबा म्हणतात, विक्रम पुन्हा झाडाकडे जाणार हे माहीत असूनही पुढच्या अंकाची वाट बघायचो. लांबलेल्या मालिकेची ओढ ती हीच.

पहिला टप्पा : कोण जिंकणार?

दहावीला होते तेव्हा कोरोनामुळे शाळा मोबाईलवर भरत होती. शेवटी आमच्या बॅचची परीक्षाच रद्द झाली. त्या सुट्टीत पुण्याच्या मावसभावाने त्याच्या कपाटातले इंग्रजी खंड वाचायला दिले. मी एका बैठकीत तीन संपवले.

त्यानंतर अकरावी-बारावी लातूरला. लातूर पॅटर्न काय असतो ते इथल्या निम्म्या मुलांना सांगायला नको. सकाळी सहाची शिकवणी, दुपारी कॉलेज, संध्याकाळी पुन्हा शिकवणी, रविवारी टेस्ट, सोमवारी भिंतीवर यादी. यादीत नाव वरून किती नंबरवर आहे त्यावर तुमचा आठवडा चांगला की वाईट ते ठरायचं. मला डॉक्टर व्हायचं होतं. खरं सांगायचं तर यादीत वर यायचं होतं.

त्या दिवसांत मुसाशी मला फार जवळचा वाटायचा. क्योतोमध्ये योशिओका घराण्याची तलवारबाजीची मोठी शाळा. हा एकटा जाऊन दार ठोठावतो. नारा इथं होझोइन मंदिरात भाला चालवणारे भिक्षू असतात. तिथं जातो, पहिल्यांदा हरून पळतो, जंगलात सराव करून पुन्हा येतो. मी रविवारच्या टेस्टला जाताना मनात म्हणायचे, आज होझोइन. हसू नका! फिजिक्सच्या पेपराला भालेवाला समजून भिडलेली मुलगी मी एकटीच नसेन.

तेव्हा मी मालिका कशी वाचायचे ते सांगते. संवाद भरभर, निसर्गाची चित्रं आली की पान उलट, लढाई आली की थांब. कोण जिंकला? पुढे चल.

दुसरा टप्पा : हा कोजिरो कोण?

चौदाव्या खंडात अचानक मुसाशी गायब होतो आणि सासाकी कोजिरोचं लहानपण सुरू होतं. सात खंड! इतिहासात मुसाशीचा सगळ्यात गाजलेला सामना याच कोजिरोशी झाला, १६१२ मध्ये, एका छोट्या बेटावर. इनोउएने केलेला बदल असा की त्याचा कोजिरो जन्मापासून बहिरा आहे. योशिकावाच्या कादंबरीत असं काही नाही.

मी आधी वैतागले. नायक कुठंय? पण हळूहळू गंमत कळायला लागली. कोजिरोला ऐकू येत नाही म्हणून त्याच्या भागात पानंच्या पानं शब्द नाहीत. समुद्र, पाऊस, समोरच्याचे डोळे. याच भागापासून इनोउए पेनऐवजी जास्त करून ब्रशने काढायला लागला, त्यामुळे रेषा कुठं जाड, कुठं सुटलेली. आणि वाचायला शब्दच नसले की भरभर वाचता येत नाही, बघावंच लागतं. पान उलटायची माझी घाई इथं पहिल्यांदा कमी झाली. आता मला फक्त कोण जिंकलं हे नको होतं. समोरचा कोण आहे हेही कळायला हवं होतं.

म्हणूनच सव्विसावा-सत्ताविसावा खंड फार जड गेला. तिथं मुसाशी एकटा आणि योशिओकांचे सत्तर जण. पहिल्या खंडात हे वाचलं असतं तर मी टाळ्या पिटल्या असत्या. इथं मात्र वाचताना थकवा येतो. सत्तर माणसं मरतात, प्रत्येकाला चेहरा आहे. मुसाशी जिंकतो, पायाला मोठी जखम होते, आणि सगळीकडे त्याचं नाव होतं. आणि त्याला आतून काहीच वाटत नाही.

मी हे खंड वाचले ते बारावीच्या निकालानंतर. माझा निकाल सत्तर जणांना हरवण्यासारखा लागला नव्हता. वैद्यकीयला लागतात तेवढे गुण नव्हते. सीईटीचे बरे होते, म्हणून स्थापत्य शाखा आणि नांदेड. घरी कोणी काही बोललं नाही. मुसाशी जिंकून लंगडत होता, मी हरून. तरी आमच्या दोघांचा प्रश्न एकच होता : आता काय?

मी पुस्तक मिटलं

आता पुढच्या खंडांत काय असेल? नवीन शत्रू, नवीन शाळा? चौतिसाव्या खंडाच्या आसपास मुसाशी एका उजाड गावात पोचतो. तिथं इओरी नावाचं अनाथ पोरगं भेटतं, वडील नुकतेच वारलेले. मुसाशी तिथंच राहतो आणि शेती करायला लागतो.

शेती! एक प्रकरण नाही, दोन नाही, खंडच्या खंड. दगड काढतोय, माती उकरतोय, पाण्याकडे बघत बसलाय. मी मावसभावाला मेसेज केला, "हे काय, ह्याच्यापेक्षा आमच्या आबांचा बांध बघेन मी." आणि पुस्तक मिटलं ते दोन वर्षं उघडलं नाही.

खरं कारण आज सांगते. माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणतो, औसा तालुक्यात शेती करतात. सोयाबीन, तूर, रब्बीला हरभरा. कॉन्व्हेंटमध्ये बाकीच्या मुली डॉक्टरांच्या, वकिलांच्या. सुट्टीत कुठं गेलीस विचारलं की मी "नेटिव्ह प्लेस" म्हणायचे. गाव, शेत, शेणाचा वास, हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. आणि २०१६ तर मला आठवायचंच नव्हतं.

२०१६ ला मी पाचवीत होते. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. आमच्या गल्लीत टँकर आला की मी आणि आई घागरी घेऊन पळायचो. पाण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये प्रशासनाने जमावबंदी लावली होती. पाण्यासाठी १४४ कलम! एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. सुमारे साडेतीनशे किलोमीटर. १२ एप्रिलला पहिली गाडी आली तेव्हा दहा वाघिणींत मिळून पाच लाख लिटर पाणी होतं. पुढे पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली. ऑगस्टपर्यंत हे चालू होतं. लोक गाडी बघायला स्टेशनवर गेले होते. त्याच वर्षी आबांनी बैलजोडी विकली. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत, एवढंच मला आठवतं.

तर मुसाशी कोरड्या जमिनीवर बसलेला दिसल्यावर मी पुस्तक का मिटलं, हे आता कळलं असेल. मी मांगा वाचत होते ते हे विसरायला.

तिसरा टप्पा : जमीन

सप्टेंबर २०२५ मध्ये उलटं झालं. मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. ज्या मांजरा धरणात टिपूस नव्हता, त्याचे दरवाजे उघडावे लागले. गावाकडून फोन आला की सोयाबीन पाण्यात आहे. रस्ता सुरू झाल्यावर मी गेले.

काढणीला आलेलं पीक गुडघाभर पाण्यात उभं होतं. शेंगांना झाडावरच कोंब फुटले होते. मी थर्ड इयर सिव्हिलची विद्यार्थिनी, मृदा आणि जलशास्त्र दोन्ही शिकलेली. लगेच म्हटलं, "आबा, ह्या बाजूनं बांध घालायला पाहिजे होता."

आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाई, पाण्याला आडवं होऊन भागत नाही. ते कुठं जावं म्हणतंय ते आधी बघावं लागतंय." आणि खोरं घेऊन खालच्या अंगाला चर काढायला गेले. मीही गेले. तासाभरात हाताला फोड आले. पाणी थोडं उतरलं. पीक वाचलं नाही, पण रब्बीला वाफसा लवकर येईल म्हणाले. आबांचं लक्ष आधीच हरभऱ्याकडे गेलेलं.

होस्टेलला परतल्यावर मावसभावाकडून ते शेवटचे चार खंड मागवले. सुरुवातीला सांगितली ती रात्र म्हणजे हीच.

आता काय दिसलं ते सांगते. ज्याने सत्तर माणसं कापली, त्याला वीतभर जमीन ऐकत नाही. तो आधी मातीशी लढायला जातो, जोर लावतो, कारण आयुष्यभर तेच केलंय. माती हरत पण नाही आणि जिंकत पण नाही, ती नुसती असते. गावातले लोक त्याला येडा समजतात. शुसाकु नावाचा एक म्हातारा शेतकरी आहे, तोंडाचा फटकळ. त्याच्याकडून मुसाशी शिकतो की भातावर हुकूम चालत नाही. पाणी, माती, बी यांना काय हवंय ते बघायचं. शुसाकु बोलायला लागला की मला आबांचाच आवाज ऐकू यायचा.

मग हिवाळा येतो आणि गावात अन्न संपतं. माणसं मरायला लागतात. इतके दिवस कोकुराच्या सरदाराकडून मुसाशीला नोकरीचं बोलावणं येत असतं आणि तो ते टाळत असतो. आता तो त्या सरदाराच्या माणसापुढे जमिनीवर डोकं टेकवतो आणि गावासाठी धान्य मागतो. ज्याला सूर्याखाली कोणापुढे हरायचं नव्हतं, तो! सगळ्या ३७ खंडांत मला हे सर्वात मोठं पान वाटतं. एकही थेंब रक्त नाही त्यात. तीन वर्षांपूर्वी मी ते बहुतेक न बघता उलटलं असतं.

मग बदललं काय?

आता थोडं शास्त्रशुद्ध बोलू, नाहीतर इंजिनिअरिंगचं मासिक कशाला म्हणायचं!

लांब मालिकेत दोन गोष्टी एकदम बदलत असतात. एक, काढणारा. इनोउएने सुरुवात केली तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता आणि खेळाच्या मांगातून आला होता. खेळात हार-जीत असते, त्यामुळे पहिले खंड सामन्यांसारखे आहेत. पुढे तब्येतीमुळे त्याला बराच काळ मालिका थांबवावी लागली, २०१२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. शेतीचा भाग आला तो त्यानंतर. दुसरी गोष्ट, वाचणारा. मी सोळाव्या वर्षी सुरू केली आणि विसाव्या वर्षी शेवटच्या पानावर आले. दोघांचा वेग जुळला नाही की आपण म्हणतो, "मालिका बोअर झाली." कधी कधी ती खरंच झालेली असते. पण कधी कधी लेखक पुढे गेलेला असतो आणि आपण मागे, यादीतला नंबर बघत उभे.

गंमत म्हणजे खऱ्या मुसाशीचंही असंच झालं होतं. आयुष्याच्या शेवटी त्याने एका गुहेत बसून 'गो रिन नो शो' म्हणजे 'पाच चक्रांचं पुस्तक' लिहिलं. त्यात तो सांगतो की तेराव्या वर्षापासून एकोणतिसाव्या वर्षापर्यंत साठहून जास्त सामने खेळलो, एकही हरलो नाही. पण तिशी उलटल्यावर मागे वळून बघितलं तेव्हा वाटलं की हे काही विद्येमुळे नव्हतं. अंगची ताकद असेल, नशीब असेल, नाहीतर समोरचे कच्चे असतील. खरी समज त्यानंतर, पन्नाशीच्या सुमारास आली म्हणतो. न हरलेला माणूस हे लिहितो!

त्याच पुस्तकात त्याने सेनापतीची तुलना सुतारांच्या मुकादमाशी केली आहे. सरळ, बिनगाठीचं, देखणं लाकूड पुढच्या खांबांना. थोडा दोष असलेलं मागच्या खांबांना. वाकडं, गाठीचं पण मजबूत लाकूड, ताकद लागते तिथं हुशारीने बसवायचं. अगदी कमकुवत असेल ते पराचीला, आणि काम झाल्यावर जळणाला. म्हणजे काहीच फुकट नाही. पहिल्या वर्षी सीईटीचा स्कोर मनात धरून रडणाऱ्या मुलीला हे कोणी वाचायला द्यायला हवं होतं. यादीत वरून खाली नंबर असतात, पण इमारतीत प्रत्येक लाकडाला जागा असते.

अर्धी राहिलेली गोष्ट

आता वाईट बातमी. 'व्हॅगाबाँड' पूर्ण झालेली नाही. २०१५ मध्ये ३२७ वं प्रकरण आलं आणि तेव्हापासून मालिका थांबली आहे. कोजिरोबरचा तो बेटावरचा सामना इनोउएने अजून काढलेला नाही. मधल्या काळात त्याने 'स्लॅम डंक'वर सिनेमा केला, तो २०२२ मध्ये आला. लोक विचारतात, शेवट नाही तर वाचायचं कशाला? सोळाव्या वर्षी मीही हेच विचारलं असतं. आता मला शेवट नाही याचं फार वाईट वाटत नाही. सामना कोण जिंकला ते इतिहासात आहेच. मुसाशी गावातून निघाला तेव्हा मागे पिकलेलं शेत होतं, हे मात्र मला इनोउएनेच दाखवलं.

आपल्या नांदेडला हे समजायला जास्त सोपं जावं. रविवारी रात्री मेस बंद असली की आपण सगळे कुठं जातो? गुरुद्वाऱ्यात. जिथं गुरु गोविंदसिंहजींची शस्त्रं जपलेली आहेत, तिथंच लंगरमध्ये पंगत बसते आणि कोण कुठला, कितवा आला, हे कोणी विचारत नाही. मी दोन वर्षं तिथं जेवत होते, पण तलवार आणि अन्न एकाच आवारात का, हा विचार ही मालिका पुन्हा वाचल्यावर डोक्यात आला.

असो. ते खंड सध्या माझ्याकडे आहेत, मावसभावाने अजून परत मागितलेले नाहीत. ज्यांना हवेत त्यांनी मुलींच्या होस्टेलच्या ऑफिसात निरोप ठेवावा. एकच अट : शेतीचा भाग आला की पान उलटायचं नाही.

आणि हो, आबांचा हरभरा चांगला आलाय. मागच्या सुट्टीत मैत्रिणींना घेऊन गेले होते, हुळा खायला. या वेळी "नेटिव्ह प्लेस" म्हटलं नाही. म्हटलं, चला, आमच्या शेतात.

– तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी